लाल दोरीवरचे टॉवेल

मुझफ्फरनं तापलेली सळई सांडशीत धरली आणि ती थरथरली. सळई थरथरतेच, पण अशी नाही. ही थरथर पार कोपरापर्यंत आली.

त्यानं सळई दाबणाऱ्या फिरत्या रुळांच्या जोडीपलीकडं पाहिलं. सळई ज्या लोखंडी तोंडातून पलीकडं सळई धरणाऱ्या कडूबाच्या बाजूला निघायची, त्या तोंडाचा बोल्ट ढिला झाला होता. दर सळईला आणखी थोडा बाहेर येत होता. तो पडला की तोंड सरकणार आणि लालबुंद सळई सापासारखी उसळून समोर असेल त्यात घुसणार. समोर कडूबा होता. त्यानं जागा सोडली तर सळई धरायला कुणी नाही, आणि मोकळी सळई कुठं जाईल ते कुणालाच ठाऊक नसतं. सोबतच्या अप्पारावच्या मांडीतून अशीच एक आरपार गेली तेव्हा मुझफ्फर शेजारीच होता. त्या वासानंतर ईदलाही त्याला मटणाच्या पातेल्याजवळ उभं राहवत नव्हतं.

भिंतीला लाल दोरी होती.

जालन्याच्या त्या रोलिंग मिलमध्ये ती दिवाळीत लागली. शेठनी मांडव घातला, माईक हातात घेतला.

"ज्याला धोका दिसंल त्यानं दोरी ओढायची. मिल थांबंल. कुणी जाब विचारणार नाही. माझ्या कारखान्यातून माणूस जसा आला तसा घरी गेला पाहिजे."

शेठ मनापासून बोलले, डोळ्यांत पाणी होतं. मग ते गाडीत बसून गेले आणि त्यांचं बोलणं एकेक पायरी उतरायला लागलं. मॅनेजर म्हणाला, खरोखरचा धोका असेल तरच. सुपरवायझर म्हणाला, आधी विचारा. बबलू मुकादम लेबरला म्हणाला, "ओढा की, कोण अडवून राह्यलं? हजेरी कटली की माझ्यापाशी रडत येऊ नका." भट्टीपर्यंत पोचेस्तोवर शेठच्या स्वप्नाची राख झाली होती. मग कुणीतरी दोरीवर घामेजला टॉवेल वाळत घातला. पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून गाठ मारली. बघून दुसऱ्यानंही मारली, मग बाकीच्यांनीही.

मिलच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, सगळं हातानं चालतं. मुझफ्फरनं मूठ पिळून बोल्ट दाखवला आणि मिल थांबवायची म्हणून तळहात आडवा धरला. कडूबानं मान वळवून पाहिलं. भट्टीच्या उजेडातही त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं हनुवटीनं दोरी दाखवली. दोरी मुझफ्फरच्या बाजूला होती.

बबलू दाराशी तंबाखू मळत उभा होता. सकाळी त्यानं नाव पुकारलं तर काम, नाही तर गेटवरूनच मस्तगडला घरी परत. सळई निम्मी पलीकडं निघाली होती. बोल्ट आता नुसता लोंबत होता.

तो धावला, दोरी ओढली. काहीच झालं नाही. दोरी भिंतीवरच्या ज्या कडीतून जायची, तिच्यात टॉवेलची गाठ अडकली होती.

त्यानं पुन्हा हिसका दिला. कडूबा तिथंच उभा होता, डोळे मिटून. भट्टीवरच्या प्रेम नावाच्या गड्यानं ते पाहिलं. त्यानं भट्टीचं दार पाडलं, उडी मारली आणि मुझफ्फरच्या हातांवर हात ठेवून दोरीला लोंबकळला. टॉवेल टरकन फाटला.

मिल थांबली.

त्या शांततेत बोल्ट खाली पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

बबलू आला. "कोणी ओढली?"

"मी," मुझफ्फर म्हणाला.

"मला इचारलं व्हतं?"

"न्हाई."

"सळई जाम झाली रुळात. आता शेठला काय सांगू?"

"शेठनी सांगितलं तेच केलं म्हणा," कडूबा म्हणाला.

बबलूनं बोल्ट उचलून खिशात टाकला. "तू उद्या येऊ नको, मुझफ्फर. चला रे, सळई काढा, मिल चालू करा."

कुणी सांडशी उचलली नाही. त्यात हिंमत वगैरे काही नव्हती. जो तो बोल्ट पडला त्या जागेकडं बघत होता आणि प्रेम तर खालीच बसला होता.

कडूबा दोरीपाशी आला. नखांनी, मग दातांनी एकेक गाठ सोडवू लागला. ज्याचा टॉवेल त्याला नेऊन देऊ लागला. ज्यानं त्यानं तो घेऊन खांद्यावर टाकला. शेवटी एकच उरला, निळ्या काठाचा, तंबाखूच्या वासाचा.

"मुकादम, हा तुमचा."

बबलूनं टॉवेलकडं पाहिलं. मग कडूबाच्या शाबूत पायांकडं पाहिलं, बराच वेळ. टॉवेल घेतला. दुसरा हात खिशातल्या बोल्टवर गेला आणि तिथंच राहिला.

"पाना कुठंय?" तो कुणाकडंही न बघता म्हणाला.

मुझफ्फरनं दोरी अजून सोडली नव्हती.