डाव्या बरगडीखाली

माझ्या बहिणीचं, आयडेलाचं, पत्र मार्चमध्ये आलं होतं आणि मे उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. तिच्या खोऱ्यात फोनला रेंज नसते, म्हणून आम्ही दोघं अजून पत्रंच लिहितो. एरवी मी लगेच उत्तर देतो. या वेळी मात्र तिने जे विचारलं होतं, त्याचं उत्तर चुकलं असतं तर ते तिच्या जिवावर बेतलं असतं.

"लोवेल," तिने लिहिलं होतं, "जन्मभर शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांत डोकं घालून बसलास, आता माझ्यासाठी एवढं शोध. कीनन तुरुंगातून सुटलाय. माझा भाडेकरू असताना त्याने बायकोचा हात मोडला आणि मी कोर्टात साक्ष दिली, हे तो विसरलेला नाही. दोनदा येऊन माझ्या फाटकाशी उभा राहून गेला. शेरीफला इथवर यायला पाऊण तास लागतो. माझ्याकडे रिव्हॉल्व्हर आहे, मला ते चालवताही येतं. पण दिवसभर म्हाताऱ्यांना डायलिसिसला पाइकव्हिलला न्यायचं-आणायचं, आणि कमरेला लावलं की ते दुखऱ्या खुब्यात रुततं. मग मी ते काढून डॅशबोर्डच्या खणात टाकते. दोन्ही वेळा ते खणात होतं आणि मी फाटकाशी. दिवसभर अंगावर राहील आणि बाहेरून दिसणार नाही, असं होल्स्टर कोणतं? निबंध नको, नाव सांग."

मी कधी बंदूक बाळगलेली नाही. केंटकीच्या या डोंगरांत असं म्हणणारा माणूस जरा विचित्रच ठरतो, पण नाही बाळगली. म्हणून होल्स्टरांबद्दल, रिव्हॉल्व्हर अंगावर अडकवायच्या त्या खोळींबद्दल, वाचत सुटलो. एक म्हणतो उजव्या कुशीला, दुसरा म्हणतो पोटावर, तिसरा दोघांनाही मूर्ख ठरवतो. उत्तर लिहायला बसायचो, दोन ओळी लिहायचो आणि कागद फाडायचो. मी कोण सांगणारा?

शेवटी एका सकाळी स्वतःलाच बजावलं की वाचून हे होणार नाही. अंगावर घालून बघायचं आणि मगच लिहायचं. तसाच उठलो आणि डेन्व्हर स्टम्बोच्या बंदुकीच्या दुकानात गेलो.

"मिस्टर लोवेल!" डेन्व्हर ओरडला. शाळेत तो माझ्या लायब्ररीत फक्त झोपायला यायचा. "पुस्तकं परत मागायला आलात? ती हरवली, आधीच सांगून ठेवतो."

"होल्स्टर बघायचंय. बहिणीसाठी."

"मग बहिणीला आणा. दुसऱ्याच्या पायासाठी बूट घेता का कधी?"

"तिला सवड नाही. मी घालून बघणार."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण हसला नाही. आयडेलाच्या रिव्हॉल्व्हरच्या मापाचं, तेवढ्याच वजनाचं एक निळं प्लास्टिकचं रिव्हॉल्व्हर त्याने काढून दिलं. सरावासाठी तसली मिळतात. मग काउंटरखालून एक खोकं ओढलं. आमच्याकडे हत्यार बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असं एक खोकं असतं. दुकानात आवडलेली आणि आठवड्याभरात नकोशी झालेली होल्स्टरं त्यात पडलेली असतात.

"हे माझं. न्या सगळं," तो म्हणाला. "आरशासमोर उभं राहिलं की सगळीच झकास वाटतात. पण आरशासमोर उभं राहून कोणी गाडी चालवत नाही. आणि यातली बरीच पँटच्या आत खोचायची असतात, तेव्हा पँट एक माप मोठी घ्या, नाहीतर चूक पँटची आणि शिव्या होल्स्टरला."

मी मोठी पँट घेतली आणि रोज एक होल्स्टर घालायचं ठरवलं. उजव्या कुशीचं गाडीत बसताच हाडाला टोचलं. आयडेला ते का काढून टाकते, हे मला घराच्या कोपऱ्यावरच्या वळणालाच कळलं. पाठीमागचं म्हणजे दगडावर टेकून बसल्यासारखं. घोट्याचं चांगलं होतं, पण खुबा दुखणारी बाई तिथवर वाकणार कशी? पोटावरचं वाकलं की मांडीत घुसायचं. एक मऊ कापडी पट्टा मात्र फार सुखाचा निघाला. मी खूश झालो. मग सहज कापडावरून बोट दाबलं, तर आतला चाप हलला. खरं रिव्हॉल्व्हर असतं तर गोळी सुटली असती. तो पट्टा मी तिथल्या तिथे खोक्यात परत टाकला.

रविवार आला. आमच्या चर्चच्या दारात सगळे सगळ्यांना मिठी मारतात, आणि मला त्या दाराची आयुष्यभर धास्ती वाटत आली आहे. कमरेला काही असलं की मिठी मारायची एक वेगळी रीत आहे, हे मला आता ठाऊक झालं होतं. आपले हात खालून घालायचे, म्हणजे समोरच्याचे हात आपोआप खांद्यावर जातात आणि कमरेला लागत नाहीत. पियानो वाजवणाऱ्या मिस ओपल रॅटलिफ पुढे आल्या, तसे मी हात खालून घातले. त्यांनीही नेमके खालूनच घातले. आमची कोपरं एकमेकांत अडकली आणि आम्ही झटापट केल्यासारखे दारात उभे राहिलो.

"अगबाई! लोवेल, तुम्हीसुद्धा?" त्या कुजबुजल्या.

"माझं प्लास्टिकचं आहे."

"प्लास्टिकचं!" त्यांना हसू आवरेना. "मग काय, समोरच्याला खेळायला देणार?"

मिस ओपल आमच्याच शाळेत भूमिती शिकवायच्या. बांधा आयडेलासारखाच ठेंगणा, एक खुबा बदललेला, आणि दर रविवारी तासभर त्या पियानोसमोर बसून असतात. माझे कान तापले, पण मी विचारलंच. "तुम्ही ते... कुठे घालता?"

"चर्चच्या दारात बाईला असं विचारतात का?"

"बहिणीसाठी विचारतोय. तिच्यामागे एक माणूस लागलाय."

त्यांचं हसू थांबलं. प्रार्थना संपल्यावर जेवणाच्या टेबलावर त्यांनी मला शेजारी बसवलं आणि कॉर्नब्रेडचा तुकडा मोडत म्हणाल्या, "पहिलं म्हणजे कमर विसरा. तुम्ही पुरुष सगळे कमरेच्याच मागे लागता. बाईची कमर आखूड, त्यात तिचा खुबा दुखरा. वर जा. डाव्या बरगडीखाली, पुढच्या बाजूला. रुंद इलॅस्टिकचा पट्टा, आणि त्यावर कडक खोळ, चाप पूर्ण झाकणारी. डाव्या हाताने शर्ट वर, उजव्याने आडवं बाहेर. सीटबेल्टही आड येत नाही."

"वाजवताना रुतत नाही?"

"रुतलं असतं तर सूर चुकला असता. माझा चुकतो का?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

तसा पट्टा मी मागवला, बांधला, टोमॅटोची रोपं लावली, खुर्चीत बसून डुलकी काढली. तरी पत्र लिहायला बसलो की हात अडायचा. मिस ओपलना जमलं म्हणून आयडेलाला जमेल? मला सुखाचं वाटतं ते खरंच, की वाटावं म्हणून वाटतंय? पण या वेळी कागद फाडला नाही. कोराच ठेवला आणि रोज सकाळी पट्टा बांधत राहिलो.

गुरुवारी कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं आणायला गावात गेलो. पोतं उचलून गाडीत टाकलं आणि तिकिटं घ्यायला टपालघरात शिरलो. खिडकीवर रोवेना होती. मी काउंटरवर वाकलो आणि माझ्या शर्टाखालून लाकडावर खट्कन आवाज झाला.

रोवेना माझ्याकडे बघत राहिली. टपालघरात हत्यार चालत नाही. आमच्याकडचे लोक आधी गाडीत बसून कमरेचं काढून ठेवतात आणि मगच दार उघडतात. मलाही ते पक्कं माहीत होतं.

"मिस्टर लोवेल, काय वाजलं ते?"

मला खरंच क्षणभर कळेना काय वाजलं ते. न्याहारीच्या आधी बांधलेलं, डोंगरातल्या सगळ्या वळणांवरून गाडी हाकली, पोतं उचललं, आणि ते अंगावर आहे हेच मी विसरून गेलो होतो.

"प्लास्टिकचं आहे, रोवेना."

"साबणाचं का असेना! आधी बाहेर!"

"जातो, जातो. एक खोकं आणि एक कागद दे फक्त."

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी एका दमात लिहिलं.

"आयडेला, पट्टा पाठवतोय. कमरेला नाही, डाव्या बरगडीखाली पुढे बांध. आज मी तो घालून थेट टपालघरात शिरलो, कारण अंगावर काही आहे हे मला आठवलंच नाही. तुलाही काढावासा वाटणार नाही. पहिला आठवडा रिव्हॉल्व्हर रिकामं करून, रिकामं आहे ना हे पुन्हा बघून, गाडीत बसल्या बसल्या काढायचा सराव कर. लोवेल."

पत्र एकदा वाचलं. खोडण्यासारखं काही सापडलं नाही. मग सीटवर बसून पट्टा सोडला, निळं रिव्हॉल्व्हर दाण्याच्या पोत्यावर टाकलं, पट्टा आणि पत्र खोक्यात घातलं आणि पुन्हा आत गेलो.

"आता रिकामे ना?" रोवेनाने विचारलं.

"रिकामा," मी म्हणालो. "ज्याने सर्वांत लवकर पोचेल, त्याने पाठव."

तिने खोक्यावर शिक्का मारला.