पाखरीची मान

सहादेवतात्यांनी तिळाच्या तेलाची पितळी वाटी विस्तवावरून चिमट्याने उचलली, तेल तळहातांवर चोळले आणि दोन्ही हात पाखरीच्या मानेवर टेकले. घोडीने कान मागे पाडले. कातडीखालचा मांसल भाग जात्याच्या दगडासारखा कठीण झाला होता.

"तपासणी किती वाजता हाय?" त्यांनी विचारले.

"धाला," घोडीचा मालक भिमाजी म्हणाला.

माळीवाड्यातील त्या निंबाखाली जानेवारीचे सकाळचे ऊन नुकतेच पोचू लागले होते. टांग्याच्या घोड्यांची तपासणी वर्षातून एकदाच होत असे. जनावरांचे डॉक्टर घोडा दौडवून पाहत, आणि जे जनावर लंगडे ठरे त्याच्या मालकाला टांग्याचा परवाना मिळत नसे. दहा दिवसांपासून पाखरी पुढचा उजवा पाय आखूड टाकीत होती. नालबंदाने नाल काढून पुन्हा ठोकला, खूर निर्दोष निघाला. तथापि चाल सुधारली नाही. दुष्काळाच्या त्या दुसऱ्या वर्षी परवाना नसलेल्या घोडीला एकाच प्रकारचे गिऱ्हाईक उरले होते, आणि त्याचे नाव भिमाजी घरातसुद्धा उच्चारीत नसे.

तात्यांनी बावीस वर्षे फौजेत मोतद्दार म्हणून घोड्यांची अंगे रगडली होती. खूर उशिरा बोलतो, मान आधी बोलते, असे ते म्हणत. कानामागून खांद्यापर्यंत ते अंगठा हळूहळू उतरवीत गेले, मग कोपराचा भार दिला, मग गवताच्या ओल्या जुडीने थोपटले. शेजारी राधाकृष्ण आपल्या म्हाताऱ्या घोडीला खरारा करीत उभा होता. त्याला गप्प राहवेना.

"तात्या, थोडं तेल हिकडंबी लावा. माजी म्हातारीबी लई नखरे करती."

"तिला तेल नको, पोटभर वैरन घाल. नखरे आपुआप जातील."

राधाकृष्ण हसला. भिमाजी हसला नाही.

तात्या दुसऱ्या अंगाला गेले आणि थबकले. उजवी बाजू मळलेल्या कणकेसारखी मऊ होती. ते पुन्हा डावीकडे आले, पुन्हा उजवीकडे गेले.

"लगाम कोन धरतं रे?"

"मीच."

"दुसरं कोनी?"

"न्हाई."

तात्यांच्या ध्यानात आले. लगामाला सदैव डाव्या हाताचीच ओढ बसल्याने घोडीची मान डावीकडे आखडली होती, आणि पाय आखूड पडत होता तो त्यामुळेच. भिमाजी मात्र डावखुरा नव्हता.

तेल निवले होते. तात्यांनी वाटी पुन्हा विस्तवावर ठेवण्यास सांगितले आणि थोड्या वेळाने मागितली. भिमाजीचे लक्ष सूर्याकडे होते. त्याने उजव्या हाताने वाटी उचलली, चार पावले चालत आला आणि ती पुढे धरून उभा राहिला. तेलातून वाफ निघत होती. चिमटा विस्तवाशेजारीच पडला होता.

तात्यांचे हात घोडीच्या मानेवर थांबले.

"ठिव खाली," ते हळूच म्हणाले.

भिमाजीने आपल्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिले. वाटी ठेवून त्याने सदऱ्याची बाही पंजापर्यंत ओढली. तरी मनगटावरचा फिकट तांबूस चट्टा दिसायचा तो दिसलाच. राधाकृष्ण तीन हातांवर होता. त्या रोगाचे नाव त्याच्या कानी पडले असते, तर दुपारपर्यंत सर्व टांगाअड्ड्याला कळले असते, आणि मग मिरजगावच्या गाडीने उतरलेला कोणताही उतारू भिमाजीच्या टांग्यात पाय ठेवणार नव्हता.

"तात्या," भिमाजी ओठांतल्या ओठांत म्हणाला, "हितं नका बोलू."

तात्यांनी मान वळवली. "राधाकृष्णा, बादलीभर पानी आन. घोडीला पाजायचंय."

तो गेला. तात्या पुन्हा चोळू लागले. 

दहा वाजता तपासणीच्या आवारात डॉक्टरांनी घोडी दौडवण्यास सांगितले. भिमाजी पुढे झाला, तोच तात्यांनी त्याच्या हातून दोर काढून घेतला आणि तो सैल धरून ते स्वतःच पळत सुटले. पासष्टीच्या माणसाला धाप लागली. पण पाखरी मान सरळ ठेवून चारी पाय सारखे टाकीत गेली आणि तशीच परत आली. डॉक्टरांनी कागदावर शिक्का मारला.

निंबाखाली परतल्यावर भिमाजीने तात्यांचे पाय धरले. तात्यांनी त्याला उठवले.

"म्हैन्याभरात मान परत आखडंल."

"मंग परत चोळू की, तात्या."

"उद्या घोडी घरी ठिव. दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं."

"तसलं काय न्हाई. थंडीनं जरा बधिर हुत्यात बोटं."

 उरलेल्या तेलात बोटे बुडवून तात्यांनी भिमाजीचा उजवा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ज्या संथपणे घोडीची मान चोळली होती, त्याच संथपणे ते तो चोळू लागले. वर्षभरात भिमाजीने तो हात कोणाच्या हाती लागू दिला नव्हता.

"डोळे मिट," तात्या म्हणाले. "आता सांग, कोनतं बोट धरलंय?"

भिमाजीने डोळे मिटले. पाखरीने एक पाय बदलून दुसऱ्यावर भार घेतला. बराच वेळ गेला.

"धरलंय व्हय, तात्या?" त्याने विचारले.