सासूबाईंचा एकच शब्द

किळस प्रार्थनेने जात नाही. मी करून पाहिली आहे. सकाळी म्हातारीची चादर बादलीत टाकायची, श्वास धरायचा, नळ सोडायचा आणि म्हणायचं, प्रभू, एवढी ही किळस घेऊन जा. त्याने चादर धुवायची ताकद दिली, किळस मात्र होती तिथेच ठेवली. चर्चमध्ये लोक उठून आपल्याला काय काय मिळालं याच्या साक्षी देतात. माझी साक्ष ही एवढीच, म्हणून मला कुणी उठवत नाही.

म्हातारी म्हणजे माझी सासू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची आई माझ्याकडेच राहिली. 'राहता का' असं मी विचारलं नाही आणि 'राहू का' असं तिने विचारलं नाही. पूर्वी ती मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. भरल्या जेवणघरात ती नुसती उभी राहिली तरी मुलं निमूट पानातलं संपवायची. मला तिने एकदाही वाईट म्हटलं नाही, फक्त प्रत्येक जेवणाला "तुला मीठ कळत नाही" एवढं न चुकता सांगितलं. मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिला स्तोत्रांमागून स्तोत्रं पाठ होती, चर्चच्या अख्ख्या मंडळीची नावं पाठ होती. त्यातला एकच शब्द तोंडात उरला.

"पळ."

सूपचा चमचा ओठांशी नेला की "पळ." जबरदस्तीने आत घातला की वाकड्या ओठातून सगळं बाहेर, माझ्या बाहीवर, गळ्यावर, एकदा तर डोळ्यात. आणि वर पुन्हा "पळ." मी बुटांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचे पाय हातात घ्यायचे, त्यांचे मोजे हुंगायचे आणि हसून विचारायचं, पुढे बोट टेकतंय का? तिथून घरी यावं तर हे. मी त्या शब्दाचा अर्थ कोणीही घेईल तोच घेतला. चालती हो. माझ्या नजरेसमोरून जा. इतकं करून ही मला हाकलतेय, म्हणून मी मोरीत जाऊन दात ओठ खात तोंड धुवायची.

माझ्या दिराने मात्र निराळा अर्थ काढला.

दीर मंडळीच्या कमिटीवर आहे. दर शनिवारी आईला भेटायला यायचा. नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहायचा आणि "आई, कशी आहेस?" असं माझ्याकडे बघून विचारायचा. त्या शनिवारी म्हातारीने त्याच्याकडे डोळे लावले आणि म्हणाली, "पळ." आणि हा गहिवरला. रुमाल नाकावरून डोळ्यांवर गेला.

"वहिनी, ऐकलंत? आई मला सांगतेय, विश्वासाची शर्यत पुरी कर. थांबू नकोस."

"ती मलाही सांगते," मी म्हटलं. "दिवसातून तीनदा. जेवताना."

त्याने ते कानाआड केलं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चर्चमध्ये पाळकांनी उपदेशात तो शब्द घेतला. ख्रिस्ती जीवन ही धाव आहे, मागे वळून बघू नका, धावणाऱ्याने अंगावर ओझं ठेवू नये, असं ते घसा फोडून सांगत होते. पाळक माणूस वाईट नाही. ते बोलले त्यात चूक काहीच नव्हती. पण ओझ्याचं बोलणं निघालं तेव्हा पहिल्या रांगेत दीर मान हलवत होता. त्याने ते फार आधीच अमलात आणलं होतं. त्याचं ओझं माझ्या घरी मागच्या खोलीत होतं.

मग धावण्याचा कार्यक्रम ठरला. सगळी मंडळी रविवारी चर्चपासून धावणार, आमच्या रस्त्यावरून जाणार आणि परत चर्चमध्ये. पिवळे टी-शर्ट छापून आले, छातीवर मोठ्या अक्षरात 'पळ'. रस्त्यावरच्या लोकांना वाटणार, हा माणूस आपल्याला हाकलतोय. दीर माझ्याच दुकानात बूट घ्यायला आला. मी खाली बसून त्याच्या पायात बूट चढवत होते आणि तो वरून सांगत होता, "महागातले द्या, वहिनी. सोसणं महत्त्वाचं. सातत्य महत्त्वाचं." त्याच्या मोज्याला जो वास येत होता त्याबद्दल मी काही बोलले नाही. गिऱ्हाईक होता.

इकडे म्हातारी सुकत चालली होती. दंड माझ्या मनगटाएवढे झाले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, तोंडाने खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी लावलेलं माणूस घरी सांभाळणं तुम्हाला जमणार नाही. माझी रजा संपली होती. दिवसा बसायला ठेवलेली बाई तोंडावर सूप उडाल्यावर निघून गेली. तिला मी नावं ठेवत नाही, माझ्या मनात तेच होतं. खालच्या मजल्यावरची शिंपीण हातशिलाई घेऊन वर येऊन बसायची, पण आधीच सांगून ठेवलं होतं तिने, "मी लक्ष ठेवीन, भरवणार नाही."

दिराने एक संस्था शोधून काढली. मी जाऊन बघून आले. फरशी स्वच्छ, भिंती स्वच्छ, आणि एका रांगेत म्हाताऱ्या माणसांना नळ्या लावून निजवलेलं. बहुतेकांची तोंडं भिंतीकडे होती. मला तिथेही किळस आली, घरच्यापेक्षा जास्त. पण मी हो म्हटलं. सोमवारी सकाळी संस्थेची गाडी येणार असं ठरलं. एकदा तिकडे गेली की ही परत यायची नाही, हे मला माहीत होतं आणि दिरालाही माहीत होतं. आम्ही दोघंही 'थोडे दिवस' म्हणत होतो.

रविवारी सकाळीच दीर आला. म्हणाला, आईला पुढच्या खोलीत खिडकीशी बसवा, सगळे तिला बघून जातील. आणि तिच्यासाठीही पिवळा टी-शर्ट. मेलेला उजवा हात त्या बाहीतून मीच घातला. उशा लावून तिला खुर्चीत बसवलं, मान पडू नये म्हणून टॉवेल गुंडाळून ठेवला. खाली रस्त्यावरून पिवळा घोळका आला, धापा टाकत, "पळ, पळ" ओरडत. म्हातारी त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळून त्या छापील अक्षरावर पडत होती आणि मी ती पुसत होते. मला शिसारी आली, पण लाळेची नाही.

शर्यत संपल्यावर हे लोक वर आले. दीर, पाळक आणि आणखी काही घामेजलेली माणसं. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. दिराने आपल्या गळ्यातलं पदक काढून आईच्या गळ्यात घातलं आणि एकाला फोटो काढायला लावला. तेवढ्यात म्हातारीने डावा हात उचलला, बोट पुढे केलं आणि म्हणाली, "पळ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकांनी डोळे मिटले.

बोट माझ्याकडे होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात तिचा सूपचा वाडगा. चार लोकांत हिने मला हाकललं म्हणून माझा संताप झाला. म्हटलं, जाते बाई, हटते तुझ्या डोळ्यांपुढून. आणि मी रागाने बाजूला झाले.

बोट माझ्याबरोबर हललं नाही. ते तिथेच राहिलं, दारातून आत, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे. मी वळून पाहिलं. भिंतीवर खिळ्याला ती अडकवलेली होती, तिची वसतिगृहातली, लांब दांड्याची, खोल वाटीची. आमच्या माहेरी आम्ही वाढायच्या सगळ्याच चमच्यांना डाव म्हणतो, म्हणून मी लग्न झाल्यापासून त्या वस्तूला डावच म्हणत आले. पण तिचा शब्द तो नव्हता. ती तिला पळी म्हणायची.

इतके दिवस म्हातारी मागच्या खोलीत पडून होती, तिथून ही भिंत दिसत नाही. बोट दाखवायचं तरी कशाकडे? आणि शब्दाचं शेपूट झटक्याने खाल्लेलं. मी परक्या घरातून आलेली, माझं एक सोडा. पण हा दीर. लहानपणी ह्या पळीचे फटके खाऊन वाढलेला. अजून पोटरीवर वळ असल्यासारखं सांगतो लोकांना. त्याला आईच्या तोंडून तो शब्द ऐकून टी-शर्ट सुचले.

सगळे खाली उतरेपर्यंत वाट पाहिली. मग दार लावलं, पळी काढली, धुतली आणि तिच्या डाव्या हातात दिली. चमचा त्या हातातून निसटायचा. हा दांडा मात्र तिने मुठीत घट्ट धरला. मी वाडगा तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "घ्या आई. हवी होती ना? खा आता तुमच्या हाताने."

तिने पळी बुडवली. हात असा थरथरत होता की अर्धं सूप टी-शर्टवर सांडलं. उरलेलं वर आलं, तिच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथून पुढे निघालं, माझ्याकडे. माझ्या तोंडासमोर येऊन थांबलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई जन्मात कधी आधी जेवली नव्हती. वसतिगृहात शेवटच्या मुलाचं पान वाढून झाल्याशिवाय नाही, आणि आमच्या घरी माझं झाल्याशिवाय नाही. पळी घेऊन डोक्यावर उभी राहायची. मला त्याचा वैताग यायचा, घास घशाखाली उतरायचा नाही. आणि मी महिनोन्महिने तिच्यापुढे स्वतः न जेवता येऊन बसत होते, हातात चमचा आणि कपाळावर आठ्या घेऊन. म्हणून ती थुंकत होती.

आता सूपकडे बघा. थोड्या वेळापूर्वी मी तिला त्याच वाडग्यातलं भरवायचा प्रयत्न केला होता. तिने ते परत वाडग्यातच थुंकलं होतं. वर पातळ तार तरंगत होती. मी प्रार्थना केली नाही, कारण मला उत्तर ठाऊक होतं. किळस कुठे जाणार नव्हती. हात आणखी किती वेळ वर राहील, एवढाच प्रश्न होता.

मी तोंड उघडलं आणि गिळलं.

गोड लागलं असं मी सांगणार नाही. गार होतं, अळणी होतं, आणि तिचं होतं. माझं तोंड वेडंवाकडं झालं असणार, कारण म्हातारीच्या डाव्या डोळ्यात जुनी चमक आली. मीठ. डॉक्टरांनी बंद केलं होतं, पण ते तिला कोण सांगणार? मग तिने पळी पुन्हा बुडवली आणि आपल्या तोंडाला लावली. थुंकली नाही. एक मला, एक तिला, असं करत वाडगा संपायला दुपार झाली.

संध्याकाळी मी दिराला फोन केला.

"भाऊजी, संस्थेची गाडी नको म्हणून कळवा. आई जेवली. तिला पळी हवी होती, पळी. आपण ऐकलं पळ."



"वहिनी," तो हळूच म्हणाला, "हे कुणाला बोलला नाहीत ना? पुढच्या वर्षीचेही टी-शर्ट छापून झालेत हो."

त्या क्षणी मला जी किळस आली, तिच्यापुढे मोरीतली बादली काहीच नव्हती. तरी मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "नाही बोलणार. पण उद्या दुपारी जेवायला या. समोर कुणी जेवत असेल तरच ती जेवते, आणि मला दुकान आहे. तुम्ही शर्यत पुरी करणारे. जवळच राहता."

तो आला. सोमवारी मी दुपारच्या सुट्टीत घरी पोचले तेव्हा नवे बूट घालून आईसमोर बसला होता, रुमाल खिशात. मला वाटलं, आपण माणसाला उगाच बोल लावला. म्हातारीने पोराला ओळखलं होतं. पळी बुडवली, आधी स्वतः चाखली, मुलासाठी आईने चाखावी तशी, आणि ओठांवरून ओघळलेल्या लाळेसकट त्याच्यासमोर धरली.

दीर पळीकडे बघत राहिला. कपाळावर घाम फुटला. मग उठला, म्हणाला, "वहिनी, माझी एक मीटिंग आहे, विसरलोच होतो," आणि जिन्यावरून नव्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. धावला चांगला, ते कबूल केलं पाहिजे.

पळी हवेतच होती. मी त्याच्या खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं.

आता हे रोजचंच आहे. दुपारच्या सुट्टीत दुकान ते घर एवढं अंतर चालत गेलं तर सुट्टी संपते आणि तिचं निम्मं सूप वाडग्यातच राहतं, म्हणून मी धावते. घाम येतो, पदर सुटतो, दुकानातल्या सपाता फटफट वाजतात. किळस गेलेली नाही. रोज दारापाशी येऊन उभी असते आणि रोज मी तिला बरोबर घेऊनच आत जाते. परवा रस्त्यात पाळक भेटले. मला तशी पळताना पाहून थांबले आणि म्हणाले, "अहो, एवढ्या कुठे पळताय?"

"जेवायला," मी म्हटलं, आणि थांबले नाही.