दुसऱ्या मजल्यावरची सही

भाच्याने आत्याला पाठुंगळीला घेऊन दोन जिने चढवले आणि नोंदणी कार्यालयाच्या बाकावर ठेवले. वाटेत तीनदा तो मोठ्याने "जपून हं" म्हणाला, बघणाऱ्यांसाठीच.

"असा भाचा मिळायला भाग्य लागतं हो," रांगेतली एक बाई म्हणाली.

आत्याने दात आवळून धरले. चार महिन्यांपूर्वी तिचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा तिनेच त्याला राहायला बोलावले होते. पुढे डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितले, तर या दिवट्याने वॉकर माळ्यावर टाकला. शेजारणी आल्या की "झोपलीय" सांगून दारातूनच वाटेला लावू लागला. आणि गेल्या आठवड्यात बक्षीसपत्र घेऊन आला. लोकांचे कपडे शिवून शिवून उभे केलेले तिचे घर, त्यातल्या शिलाई मशीनसकट, त्याच्या नावावर.

"सही नाही केलीस तर मी चाललो. बस एकटी," जेवणाचे ताट हातातच धरून तो म्हणाला होता. सही करते म्हटल्यावरच त्याने ते खाली ठेवले. त्या ताटाची आठवण आली की अजूनही तिच्या अंगाचा तिळपापड होई.

नोंदणी अधिकारी बाई सही घेण्याआधी सोबतच्या नातेवाइकांना खोलीबाहेर काढत.

"तिला कमी ऐकू येतं, मॅडम. मी थांबतो."

"मी ओरडून बोलेन. तुम्ही बाहेर व्हा."

दार लागले.

"आजी, हे राजीखुशीनं देताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

आत्याने पेन उचलले. बंद दाराकडे पाहिले.

"नाही देत म्हटलं, तर मला खाली कोण उतरवेल?"

बाईंनी तिच्या हातातले पेन हलकेच काढून घेतले आणि टोपण लावले.

दार उघडताच भाचा आत घुसला. बक्षीसपत्रावरची सहीची जागा कोरी पाहून त्याचा चेहरा उतरला.

"काय बरळलीस तू? आता ये तुझी तू!"

"येते. घराची किल्ली ठेव."

किल्ली टेबलावर आदळून तो दाणदाण जिना उतरला. अधिकारी बाई शिपायाला हाक मारणार, तोच आत्याने किल्ली कमरेला खोचत हाताने नको म्हटले. भिंत धरत, पाय ओढत ती जिन्यापर्यंत गेली आणि वरच्या पायरीवर चक्क बसली. मग बसल्या बसल्या खालच्या पायरीवर सरकली. खुब्यातून कळ गेली. तिने भाच्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि पुढची पायरी घेतली.

रांगेतली ती बाई धावत आली.

"अहो आजी, धरू का?"

"मला नको. तेवढ्या चपला घ्या."

खालच्या दारात भाचा अजून उभा होता. ही आता हाक मारेल याची वाट बघत असावा. शेवटच्या पायरीवर आत्या दम खात थांबली.

"पहिल्यांदा माळ्यावरचा वॉकर खाली काढायचा," ती म्हणाली. "मग तुझी बॅग भरायची."