डावभर तेल

बंद ठेवलेलं इंजिन सुरू झालं नाही की लोक त्याचं खापर इंजिनावर फोडतात. मिस्त्री ते माणसावर फोडायचा. गवत कापायचं यंत्र असो, फवारणीचं असो की पाण्याचा लहानसा पंप, सहा-आठ महिने कोपऱ्यात टाकलेली वस्तू घेऊन गिऱ्हाईक आलं की तो आधी टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि मग त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "पेट्रोल तसंच ठेवलंत ना? आता त्याचा डिंक झालाय, डिंक! ठेवताना टाकी रिकामी करायची. नळीतलं उरलंसुरलं संपून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं. पेट्रोलचा कॉक बंद. मग प्लग काढून आत चमचाभर तेल, दोरी दोनदा हळूच ओढायची आणि प्लग परत लावायचा. एवढं केलंत तर माझं तोंड बघावं लागणार नाही." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पुढच्या वर्षी तसाच डिंक घेऊन हजर व्हायचं. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. त्यामुळे हे प्रवचन आत स्वयंपाकघरात बायकोला वीस वर्षं ऐकावं लागलं. "मला पाठ झालंय आता," ती म्हणायची, "ज्यांना व्हायला हवं त्यांनाच होत नाही."

ती जाऊन दहा महिने झाले होते.

घरात एक माणूस राहिला की वस्तू जास्त आणि आवाज कमी होतात. मिस्त्री दुकानात इंजिनांशी बोलायचा, आत गेला की गप्प. एक ताट, एक पेला, एक खुर्ची. तिच्या सगळ्या वस्तू जागच्या जागी होत्या, फक्त वाढायचा मोठा डाव सापडत नव्हता. फडताळं उपसली, भांड्यांचा पेटारा पालथा घातला. विचारायचं कुणाला? जिला ठाऊक होतं तीच नव्हती. शेवटी तो वाटीनेच वाढून घेऊ लागला आणि रोज वाढताना त्याला तो डाव आठवायचा.

आणि रोज आठवायची आणखी एक गोष्ट. तिच्या आजारात डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फारसं काही हातात नाही. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "साध्या तपासण्या आहेत. दोन दिवसांत घरी." ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी तिने पिशवीत दोनच लुगडी भरली, दाराला कडी लावली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. नवव्या दिवशी ती दवाखान्यातच गेली. जिच्याशी तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता तिला शेवटी फसवून घराबाहेर काढलं, तिला आपल्या घराचा, भाजीच्या वाफ्यांचा निरोपही घेऊ दिला नाही, हे त्याला आतून पोखरत होतं. कुणापाशी बोलायची सोय नव्हती. कोण समजूत घालणार, आणि घातली तरी खरी कोण मानणार?

त्या सकाळी शेजारचे मास्तर आले. निवृत्त झाले तरी खडू हातात असल्यासारखं बोट नाचवत बोलायचे. "मिस्त्री, माझी जमिनीतली टाकी उपसायचीय. तुमचा मागचा पंप द्याल का दिवसभर?"

मागचा पंप म्हणजे बायकोचा पंप. परसातल्या भाजीच्या वाफ्यांना ती त्यानेच पाणी द्यायची. ती गेल्यापासून मिस्त्रीने मागच्या खोपटाचं दार उघडलं नव्हतं. वाफ्यांत गुडघाभर गवत माजलं होतं.

"सुरू होणार नाही तो," मिस्त्री म्हणाला. "मी नीट बंद करून ठेवलेला नाही. तसाच पडलाय पेट्रोलसकट."

"मग तुम्हीही आमच्यातलेच म्हणायचे!" मास्तर हसले आणि मग त्यांनी जीभ चावली.

मिस्त्रीला ते लागलं. तो तडक उठला, खोपट उघडलं, पंप उचलून अंगणात आणला. टाकीचं झाकण काढून सवयीने नाक लावलं. टाकी कोरडी. उडून गेलं सगळं, तो पुटपुटला, आता कार्बोरेटरमध्ये नुसता डिंक. ताजं पेट्रोल ओतून त्याने दोरी ओढली. दहा वेळा, वीस वेळा. घाम फुटला, इंजिन ढिम्म. मग लक्षात आलं, कॉक बंद आहे. गिऱ्हाइकाने हे केलं असतं तर त्याने त्याची सालटी काढली असती. कॉक उघडून पुन्हा ओढली. तरी नाही.

कार्बोरेटर उतरवला, खालची वाटी उघडली आणि तो बघतच राहिला. वाटी लख्ख. डिंकाचा ठिपका नाही. पेट्रोल उडून गेलं नव्हतं, ते संपवलेलं होतं. आणि कॉक आपण कधी बंद केला?

त्याने प्लगला हात घातला. पाना लावायची गरजच पडली नाही. प्लग नुसता बोटांनी लावलेला होता, हातानेच फिरून बाहेर आला. तेलाने निथळत होता. अशा प्लगला ठिणगी पडणार कुठून? त्याने दोरी ओढली तसं प्लगच्या भोकातून तेलाची चूळ उडून त्याच्या सदऱ्यावर आली. चमचाभर नव्हे, चांगलं पाच-सहा चमचे तेल असेल.

तो खोपटात परत गेला. जिथे पंप होता त्याच्या मागे, भिंतीच्या कडेला, तेलाचा डबा होता. डब्यावर आडवा ठेवलेला, काळा पडलेला डाव.

मिस्त्री तिथेच खाली बसला. तिचा हात पहिल्यापासून सढळ. पाहुण्याला एक म्हटलं की दोन वाढायची. कमी पडायला नको, हेच तिचं माप.

"मास्तर," त्याने आतूनच हाक मारली, "हा पंप शेवटचा कधी चालला, आठवतं तुम्हाला?"

मास्तर दारात आले. बोट नाचलं नाही. "वहिनींना न्यायच्या आदल्या दिवशी तुम्ही दवाखान्यात खाट ठरवायला गेला होता ना, त्या दुपारी. चालता चालता बंद पडला. मी कुंपणावरून म्हटलं, वहिनी, पेट्रोल संपलं वाटतं, आणून देऊ का? तर म्हणाल्या, नको भाऊजी, बंद पडू द्यायचा असतो. मग पान्याला लोखंडी नळी घालून प्लगशी झटापट करत होत्या. मी मदतीला येतो म्हटलं तर येऊ दिलं नाही. म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, हसतील मला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगू नका म्हणाल्या ना."

दोन दिवसांसाठी घराबाहेर जाणारं माणूस टाकी रिकामी करत नाही. दोन दिवसांसाठी कुणी इंजिनात तेल घालत नाही. तिला सगळं माहीत होतं. त्याने "दोन दिवसांत घरी" म्हटलं तेव्हा तिने "बरं" म्हटलं, ते त्याला बोलायला जड जाऊ नये म्हणून. ताकास तूर लागू दिली नाही. त्याने तिला फसवलं नव्हतं, तिनेच स्वतःला फसवू दिलं होतं. दहा महिन्यांचं ओझं एकदम उतरलं आणि त्या जागी दुसरं येऊन बसलं. एका छपराखाली दोघांना ठाऊक होतं, आणि घरातली ती शेवटची रात्र दोघांनीही एकेकट्याने काढली होती. मिस्त्री डाव मांडीवर घेऊन रडला. मास्तर पाठ फिरवून कुंपणाकडे बघत उभे राहिले.

मग त्याने कार्बोरेटर परत बसवला, प्लग पुसून लावला, पान्याने शेवटचा पाव फेरा दिला आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. आतलं उरलेलं तेल जळून पांढऱ्या धुराने अंगण भरलं. मास्तर खोकत मागे सरले. धूर विरेपर्यंत मिस्त्री इंजिनावर हात ठेवून बसला होता.

"न्या," तो म्हणाला.

"परत करताना करतो सगळं," मास्तर घाईघाईने म्हणाले. "टाकी रिकामी, आपोआप बंद पडू द्यायचं, कॉक बंद, प्लग काढून चमचाभर तेल..."

"डावभर घाला," मिस्त्री म्हणाला, आणि डाव घेऊन स्वयंपाकघरात गेला.