सतरा नंबरचा आवाज

"पोरी, एक ध्यानात ठेव. हा बंद करायचा नाय," हिरामणने पहिल्याच दिवशी गीतांजलीला बजावलं होतं.

तुर्भ्याला कारखान्यांच्या मधल्या त्याच्या वाद्यदुरुस्तीच्या गाळ्यात बाबांचा जुना सिंथेसायझर तेव्हा अकरा दिवस सलग चालू होता. बाबांनी आजारपणात तो हिरामणला विकला होता. त्याने उघडून पाहिला तर आतला सेल गळून सर्किटवर हिरवा थर चढलेला. बाबांनी रचलेले आवाज आता केवळ विजेवर तग धरून होते. वीज गेली की पुसले जाणार. सेल बदलायचा तर आधी ते कॅसेटवर उतरवायला हवेत, आणि त्यासाठी वायर लावायचं सॉकेटच गंजलेलं.

"तू घेणार असशील तर नवीन सॉकेट मागवतो," हिरामण म्हणाला होता.

तिने सतरा नंबर लावून एक पट्टी दाबली होती. दिवाळे गावच्या जेट्टीवर मासळी आणायला गेल्यावर धुक्यातून ऐकू यायचं ते होडीचं इंजिन. बाबांनी अख्खा रविवार खर्ची घालून ते जमवलं होतं. तिने बोट चटकन उचललं. रेकॉर्ड करायचं सुचलंच नाही.

तिच्याजवळ ऐंशी हजार होते, त्यात एकच वाद्य येणार, हे जुनं किंवा एखादं नवं. धाकटा निशांत तिला सीवूड्सच्या दुकानात घेऊन गेला. तिथला नवा सिंथेसायझर त्याच किमतीचा. आठ सूर एकदम, दोन वर्षांची वॉरंटी, आणि सूर उतरत नाही.

"ताई, घरात परत आजारी माणूस आणायचाय का तुला?" निशांत म्हणाला.

तीन दिवसांनी तिने हिरामणला फोन केला. "जुनाच घेते. पण दसऱ्याला. बाबा वाद्य मुहूर्तावरच आणायचे. तोवर धरेल ना?"

"सॉकेट यायला तसाही दसरा उजाडेल. लाइट नाय गेली तर धरेल."

त्यानंतर नेरुळच्या घरात दिवा जरासा मिणमिणला तरी ती तुर्भ्याला फोन लावायची. "चालू हाय," एवढंच उत्तर यायचं.

दसऱ्याला सकाळी गाळ्याच्या पायरीवरच ती थबकली. आतून सिंथेसायझरची घरघर येत नव्हती. ड्रिल मशीनला झेंडूची माळ होती, सोल्डरिंगच्या टेबलावर हळदकुंकू. सिंथेसायझरवरही एक फूल ठेवलेलं. त्याचा लाल दिवा विझलेला होता.

हिरामण स्टुलावर बसून होता.

"काल खंडेनवमी," तो म्हणाला. "पूजेला दर वर्षी मेन स्विच मीच खाली करतो. हात आपसूक गेला."

मग तिनेच बटण दाबलं. दिवा लागला. तिने सतरा नंबर लावला आणि पट्टीवर बोट ठेवलं.

होडी नव्हती. पत्र्यावरून काहीतरी जड फरफटत यावं तसा आवाज होता, कोणीच न रचलेला. तिने बोट उचललं. आवाज थांबला नाही. तो चढतच गेला, टेबलावरचे स्क्रू थरथरू लागले.

हिरामणने घाईने बटणाकडे हात नेला. तिने त्याचं मनगट धरलं.

"बंद करू नका," ती म्हणाली. "बंद केलात तर हाही पुसला जाईल."