बेलभंडाऱ्याचं ताम्हण

मित्रांनो, खंडोबाच्या देवळातल्या कोनाड्यात काळं पडलेलं ताम्हण दिसतंय ना, तेच मी. पाथर्डीकडच्या तांबटानं मला ठोकून घडवलं. गावात बांधाचं भांडण असो की कोंबडीची चोरी, माणसं माझ्यातला बेलभंडारा उचलून खरं काय ते सांगत. भंडारा हातात घेतल्यावर खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. बाया मला चिंचेनं लख्ख घासायच्या. मला त्याचा फार गर्व होता, खोटं कशाला सांगू?

मग बहात्तर सालची निवडणूक आली. आप्पासाहेबाच्या सात हातभट्ट्या आसपासच्या गावांत पेटत होत्या आणि पोलीस त्याच्या खिशात होते. त्याच्याच पैशावर काकासाहेब उभे राहिले. समोर शाळेतून निवृत्त झालेले पुंजाराम मास्तर. भट्ट्या बंद करीन, एवढंच ते म्हणत. बनुबाईचा नवरा त्याच दारूनं गेला होता, आणि आता एकुलता एक भीमाही प्यायला लागला होता. लेक वाचावा म्हणून तिनं घरोघर फिरून बायकांना मास्तरांकडे वळवलं.

हे कळल्यावर आप्पासाहेबानं गुंड धाडले नाहीत. त्यानं मला चावडीवर मागवलं. घराघरातला कर्ता पुरुष येई, नोटा घेई आणि माझ्यातला भंडारा उचलून घरातली सगळी मतं काकासाहेबांना कबूल करी. आमच्याकडे कर्त्यानं उचललेला बेलभंडारा साऱ्या घराला लागतो. भीमानंही उचलला. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. मला ओरडावंसं वाटलं, पण ताम्हणाला कुठलं तोंड!

मतदानाच्या सकाळी बनुबाई देवळात आली. पाठोपाठ मास्तर आले. मत गुप्त असतं, पेटीत कुणी बघत नाही, असं त्यांनी परोपरीनं समजावलं.

"देव बघतोय की, मास्तर," ती म्हणाली. "लेकानं भंडारा उचललाय. मी मोडला तर त्योच मरायचा."

"आणि भट्टी चालू राहिली तर तो जगणार आहे का, बनुबाई?"

भंडारा कपाळाला लावून ती मत द्यायला गेली. बाकीच्या बायाही तशाच गेल्या.

काकासाहेब निवडून आले. सात भट्ट्यांच्या बारा झाल्या. आखाड सरायच्या आत भीमा त्याच दारूनं मेला.

भीमाचे दिवस झाल्यावर बनुबाई देवळात आली. तिनं मला छातीशी धरलं.

"मी तर पाळलं हुतं की रं देवा," एवढंच म्हणाली आणि मला कोनाड्यात पालथं घालून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, असं सगळे सांगतात. माझं सांगणं उलटं आहे. मला जपू नका, मोडीत घाला. पंचायतीची निवडणूक तोंडावर आली आहे, आणि आज सकाळीच कुणीतरी चिंच भिजत घातली आहे.